गोदाकाठचा सिंह आणि सत्तावन्न मात्रा



मागचे दोन भाग आपण नाणेघाटात घालवले. नागनिका राणीचा ब्राह्मी लेख पाहिला, कल्याण-सोपाऱ्याकडून घाट चढून जुन्नरमार्गे पैठणला जाणारा माल पाहिला, वाटेवरचा तो दगडी रांजणही पाहिला. रस्ते, जकाती, लढाया हा माझा नेहमीचा प्रांत. आज त्याच वाटेने पैठणपर्यंत उतरायचं आणि एका प्रेमकवितेत शिरायचं आहे. फौजेतला निवृत्त माणूस प्रेमकवितेवर काय बोलणार, असं कुणाला वाटेल. थोडा धीर धरा. ही कविता वाचायला फौजेतली एक सवय फार कामाची आहे.

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. त्याच दिवशी प्राकृतालाही दिली, पालीला, असमियाला आणि बंगालीलाही. त्यानंतर इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, मराठी माणसाच्या प्रत्येक सभेत एका पुस्तकाचं नाव ऐकू येऊ लागलं: गाथासप्तशती. रंगनाथ पठारे समितीने मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून जे ग्रंथ पुढे केले, त्यातला हा महत्त्वाचा. आता सभेत काय होतं, तर वक्ते या पुस्तकाचं वय सांगतात, टाळ्या पडतात आणि पुस्तक मिटतं. आत काय आहे हे कुणी सांगत नाही. सांगायला थोडं अवघडही आहे म्हणा. आत प्रेम आहे, आणि ते दर वेळी लग्नाच्या चौकटीतलं नाही.

वय हा काही एखाद्या पुस्तकाचा पराक्रम नव्हे. म्हणून आज आपण वय बाजूला ठेवू आणि सातशेपैकी एकच गाथा नीट उघडून पाहू.

पुस्तकाची ओळख दोन मिनिटांत उरकतो. भाषा महाराष्ट्री प्राकृत. संकलक हाल, जो सातवाहन राजांपैकी एक. पुराणांच्या राजवंशावळीत त्याचं नाव सापडतं. एक कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असं संग्रहातच म्हटलं आहे. कोटी हा आकडा अर्थातच दरबारी. मूळ गाभा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात, पुढे त्यात भर पडत गेली. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी या कोशाची स्तुती केली आहे, म्हणजे तोवर पुस्तक उत्तरेत गाजलं होतं. आधुनिक काळात ते छापलं एका जर्मन पंडिताने. आल्ब्रेख्त वेबर यांनी १८७०ला काही भाग आणि १८८१ला सगळं. त्यांनी निरनिराळ्या पोथ्या जमवल्या तेव्हा एकूण गाथा भरल्या ९६४, आणि सगळ्या परंपरांत समान निघाल्या त्या जेमतेम ४३०. मराठीत स. आ. जोगळेकरांची मोठी आवृत्ती १९५६ची. ज्याला पुस्तक हातात घ्यायचं असेल त्याने तिथून सुरुवात करावी.

आता आपली गाथा. रूढ क्रमाने ती दुसऱ्या शतकातली पंचाहत्तरावी. इथे शतक म्हणजे शंभर गाथांचा गट.

तिच्यात घडतं एवढंच. कुणीतरी एका धार्मिक माणसाला सांगतंय की बाबा, आता निर्धास्त हिंड, कारण ज्या कुत्र्याचा तुला त्रास होता तो आज मारला गेला. मारणारा आहे गोदावरीच्या काठच्या जाळीत राहणारा माजलेला सिंह. गाथा इथे संपली.

यात प्रेम कुठे आहे? प्रियकर नाही, प्रेयसी नाही, चंद्र नाही, विरह नाही. बोलणारी व्यक्ती बाई आहे हेदेखील शब्दांत नाही. प्राकृतात क्रियापदाच्या किंवा विशेषणाच्या रूपावरून एखादे वेळी ते कळतं, पण इथे जी रूपं आहेत ती सगळी त्या धार्मिकाची, कुत्र्याची आणि सिंहाची. बोलणाऱ्याने स्वतःचा एकही ठसा मागे ठेवलेला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर मेसेज आहे, पण पाठवणाऱ्याचं कॉल साइन नाही.

तरीही परंपरा ही गाथा एका बाईच्या तोंडी देते आणि प्रेमकविता म्हणूनच वाचते. टीकाकार प्रसंग असा मांडतात: गोदेच्या काठी दाट जाळी आहे. तिथे ही बाई आपल्या माणसाला भेटते. हा धार्मिक गृहस्थ पूजेची फुलं-पानं तोडायला नेमका तिकडेच येऊ लागला आहे. त्याच्या येण्याने एकांत जातो आणि त्याच्या तोडण्याने आडोसाही विरळ होतो. कुत्र्याला भीत भीत का होईना, येतो. त्याला थांबवायचं आहे. पण येऊ नकोस असं म्हणायची सोय नाही. का येऊ नको, हा प्रश्न लगेच उभा राहील. मग ती म्हणते, ये. खुशाल ये. कुत्रा मेला. सिंहाने मारला.

अभिनवगुप्ताने या जागेला त्या बाईच्या जिवाचं सर्वस्व म्हटलं आहे. हजार वर्षांपूर्वीचा काश्मिरी शैव आचार्य, पण त्याला बरोबर कळलं की इथे काय पणाला लागलं आहे. उघडकीला आलं तर त्या बाईचं गावात काय होईल हे तुम्हाला-मला सांगायला नको. आणि अशा भेटीच्या जागेला जुना शब्द काय, तर संकेतस्थळ. आज आपण वेबसाइटला तो शब्द वापरतो आणि आपल्याला काहीही आठवत नाही.

आता रचनेकडे येऊ. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरी गंमत इथेच आहे.

गाथा हा मात्रांचा छंद. संस्कृतात हाच आर्या. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. पहिल्या ओळीत १२ अधिक १८, म्हणजे ३०. दुसरीत १२ अधिक १५, म्हणजे २७. एकूण ५७. आपल्याकडे आर्या म्हटलं की मोरोपंत आठवतात, पण त्यांच्या बहुतेक आर्या खरं तर गीती आहेत. म्हणजे दोन्ही ओळी तीस-तीस मात्रांच्या, तोलून-मापून सारख्या. मूळ गाथा तशी नाही. तिची दुसरी ओळ तीन मात्रांनी तोकडी असते. कानाला ती अपेक्षेपेक्षा जरा आधी संपल्यासारखी वाटते. बोलणारा बोलून गप्प झाला आणि आपण पुढचं ऐकायला थांबलोच आहोत, अशी जागा राहते. सातशे गाथांच्या या पुस्तकाला हा छंद मानवला याचं एक कारण मला हेच वाटतं.

आपल्या गाथेची पहिली ओळ पाहा. मी आनंदवर्धनाने उद्धृत केलेला पाठ धरून बोलतोय. पहिल्या ओळीत आठ शब्द आहेत. सगळे छोटे, सुटे, रोजच्या बोलण्यातले. हिंड, धार्मिका, निर्धास्त, तो, कुत्रा, आज, मारला, त्याने. इतकी साधी बाब. दुसऱ्या ओळीत मात्र फक्त दोनच शब्द. पहिला म्हणजे लांबलचक समास: गोदा नदी, तिचा काठ, काठावरची जाळी आणि त्या जाळीत राहणारा, हे सगळं एका शब्दात. दुसरा छोटा समास: माजलेला सिंह. आठ शब्दांनी ती त्याच्याशी गप्पा मारते आणि दोन शब्दांत त्याच्या अंगावर सगळं जंगल सोडते.

पहिली ओळ कुठे तोडली आहे तेही बघा. ‘त्याने’ या अर्थाच्या शब्दावर. आज मारला त्याने… कुणी? ओळ संपली, श्वास घेतला, आणि तरी उत्तर नाही. मग नदी येते, काठ येतो, जाळी येते. ऐकणारा धार्मिक मनातल्या मनात तो रस्ता चालतोय, कारण त्याला तो पाठ आहे. आणि सगळ्यात शेवटी सिंह. गाथेचा पहिला शब्द आहे हिंड आणि शेवटचा शब्द आहे सिंहाने. या दोन टोकांमध्ये त्या बिचाऱ्याची सगळी हिंडण्याची हौस फिटते.

नेहमी १२ मात्रांवर यती म्हणजे थांबा असतो. पहिल्या ओळीत तो नीट पडतो. ‘निर्धास्त’ हा शब्द बरोबर बाराव्या मात्रेला संपतो. निर्धास्त म्हणून ती थांबते, छान. दुसऱ्या ओळीत बाराव्या मात्रेला शब्द संपतच नाही. ‘जाळी’ या अर्थाच्या शब्दाच्या मधोमध ती मात्रा येते. थांबायला जागाच नाही. समास तसाच पुढे रेटत जातो. थांबा नसलेल्या ओळीला छंदशास्त्रात वेगळं नावही आहे, विपुला. म्हणजे हा काही दोष नव्हे. पण कवीने थांबा कुठे ठेवला आणि कुठे काढून घेतला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. निर्धास्तपणापाशी विसावा दिला आणि जाळीत शिरल्यावर काढून घेतला.

आणखी एक बारीक गोष्ट, ज्यांना शाळेतले यमाताराजभानसलगा आठवत असेल त्यांच्यासाठी. गाथेत चार-चार मात्रांचे गण असतात. पहिल्या ओळीचा सहावा गण ज-गण, म्हणजे लघु-गुरु-लघु, असावा लागतो, नाहीतर चार लघु. विषम जागी मात्र ज-गण चालत नाही. त्यामुळे त्या सहाव्या जागी लयीला एक हिसका बसतो. आपल्या गाथेत तो हिसका बसतो ‘आज’च्या शेवटच्या आणि ‘मारला’च्या पहिल्या दोन अक्षरांवर. दुसऱ्या ओळीत सहाव्या जागी नियमाने एकच लघु असतो. चार मात्रांच्या पावलांनी चालता चालता एकदम एक मात्रेचं पाऊल. इथे ते पाऊल ‘माजलेला’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर पडतं, आणि लगेच पुढे सिंह. पायरी चुकल्यासारखी होते आणि समोर जनावर. हे सगळं कवीने मोजून केलं की कानाने केलं, मला सांगता येणार नाही. हातांनी मोजून पाहिलं तर आहे, एवढं खरं.

आता शाळेत शिकवतात ते अलंकार शोधा. उपमा नाही. रूपक नाही. उत्प्रेक्षा नाही. एकही वस्तू दुसरीसारखी नाही. कुत्रा कुत्राच आहे, सिंह सिंहच. तरीही ही गाथा भारतातल्या काव्यशास्त्रात सगळ्यात जास्त चर्चा झालेल्या कवितांपैकी एक आहे. ती चर्चा झाली कुठे, तर काश्मिरात.

श्रीनगरहून जम्मूकडे येताना महामार्गालगत अवंतिपुराची भग्न देवळं लागतात. नोकरीत असताना त्या रस्त्याने मी किती वेळा कॉन्व्हॉय घेऊन गेलो त्याची मोजदाद नाही. तेव्हा लक्ष देवळांवर नसायचं, रस्त्याच्या कडेवर असायचं. ती देवळं अवंतिवर्मा राजाची. त्याने नवव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य केलं. त्याच्या काळात नावारूपाला आलेल्या पंडितांत कल्हणाने राजतरंगिणीत आनंदवर्धनाचं नाव दिलं आहे. त्या आनंदवर्धनाने ध्वन्यालोक लिहिला. वाच्य अर्थ एक आणि सूचित होणारा अर्थ निराळा, कधी तर थेट उलटा, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्याने पहिलं उदाहरण घेतलं ते वेदातलं नाही, कालिदासाचं नाही. गोदाकाठच्या कुत्र्याची ही प्राकृत गाथा घेतली. शब्द म्हणतात ये, अर्थ म्हणतो येऊ नको. पैठणच्या मुलुखातल्या एका बाईचं बोलणं, सातेकशे वर्षांनंतर, झेलमच्या खोऱ्यात सिद्धांताचा पाया झालं. सभेत टाळ्या घ्यायच्याच असतील तर या गोष्टीसाठी घ्याव्यात.

ध्वनी समजायला मराठी माणसाला ध्वन्यालोक वाचायची गरज नाही, खरं सांगायचं तर. लेकी बोले सुने लागे, ही म्हण ज्या घरात आहे त्या घराला ध्वनी ठाऊक आहे. वाक्य एकीला, अर्थ दुसरीला. आमच्या ट्रेनिंगमध्ये आलेली बातमी वाचण्याची एक पद्धत पक्की करून घेत: बोलतोय कोण, कुणाशी, कुठून, कोण ऐकतंय, आणि हे आत्ताच का सांगितलं. बातमीतला मजकूर त्यानंतर. काव्यशास्त्राचे आचार्यही वक्ता कोण, ऐकणारा कोण, जागा कुठली, वेळ कुठली, यावरूनच सूचित अर्थ ठरतो असं सांगतात. ते वाचताना मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

त्या पद्धतीने ‘तो’ आणि ‘त्या’ हे शब्द बघा. कुठलाही कुत्रा नाही, तो कुत्रा. म्हणजे तुझी भीती मला माहीत आहे. आणि कुठलाही सिंह नाही, त्या सिंहाने. अभिनवगुप्त इथे नेमकं बोट ठेवतो. त्या म्हणजे ज्याच्याबद्दल तूही आधीच कानोकानी ऐकलं आहेस. अशा सिंहाची वदंता अगोदरच पसरलेली आहे. कुणी पसरवली? गाथा सांगत नाही. पण आज कुत्रा मेला हा पहिला हल्ला नव्हे, याची तयारी आधीपासून चालू होती, असं त्या एका सर्वनामावरून दिसतं. ‘माजलेला’ या विशेषणाचंही काम आहे. नुसता सिंह जाळीत पडून राहील. माजलेला बाहेर येतो. कुत्रा काही जाळीत राहत नव्हता ना.

आणि सिंह खरंच होता का? आशियाई सिंहाचा इतिहासकाळातला वावर साधारणपणे नर्मदेच्या उत्तरेला मानला जातो. आज तर तो गीरच्या परिसरातच उरलाय. गोदेच्या काठी वाघ म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. बिबट्या आजही नाशिक-अहिल्यानगरच्या उसात निघतो. या बाईने मात्र सिंह आणला. मला तरी वाटतं, या गाथेचं हसू तिथे आहे. गावातल्या शहाण्या माणसाला कळावं की ही थाप आहे, आणि भित्र्याला कळू नये.

इथे एक गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकात आमची कंपनी एका उंच चौकीवर होती. इनलँड पत्रं छप्पन एपीओच्या पत्त्यावर येत, आणि बर्फ पडलं की पंधरा-पंधरा दिवसांची एकदम येत. साताऱ्याकडचा एक नाईक होता. त्याच्या बायकोला लिहिता येत नसे. तिचं पत्र दिराचा शाळकरी मुलगा लिहून देई आणि पोस्टात टाकण्याआधी ते घरातल्या चार माणसांनी ऐकलेलं असे. एकदा तो रजा मागायला आला. सगळं ठीक आहे ना घरी, मी विचारलं. त्याने पत्र पुढे केलं. सगळ्यांची खुशाली, पाऊसपाणी, आणि शेवटी एक ओळ की गोठ्यातली तांबडी वैरणीला तोंड लावत नाही, वाटेकडं बघत उभी राहते. मी म्हटलं, अरे गाय आजारी असेल तर डॉक्टरला दाखवा. तो मान खाली घालून म्हणाला, “साहेब, आमच्या गोठ्यात गायच न्हाई. दोन म्हशी हैत.”

रजा मिळाली. लिहिणाऱ्या पोराला ती ओळ काय आहे ते कळलं नव्हतं, सासूला कळलं असेल तर तिने बोलून दाखवलं नव्हतं. गायीचं खोटं होतं म्हणून निरोप पोचला. खरी गाय असती तर नुसती बातमी झाली असती.

सातवाहनांच्या काळातली परिस्थिती फार वेगळी नसावी. आपण नाणेघाटात पाहिलं की या राज्याचं वैभव वाटेवर होतं. तांडे चालले की पुरुष महिनोन्महिने बाहेर. गाथासप्तशतीत वाटसरू जागोजागी भेटतो, आणि परगावी गेलेल्या नवऱ्याची बायकोही. घर माणसांनी भरलेलं, सासू जागी, नणंद जागी, शेजारीण तर जागीच. अशा घरात एकांत मिळत नाही, म्हणून मग तागाचं शेत, भाताचं शेत, नदीकाठची जाळी. पीक उभं आहे तोवर आडोसा आहे. कापणी झाली की गेला. शहरातल्या वाचकाला सुगी म्हणजे आनंद वाटतो. या पुस्तकात सुगी आली की कुणीतरी रडतं. तिथल्या प्रत्येक बोलण्याला तिसरा कान आहे. ५७ मात्रांचा छंद, नाव न घेणारी बोलणारी, उलटा अर्थ, हे सगळं त्या तिसऱ्या कानापासून बचाव म्हणून आलेलं आहे, असं माझं मत आहे. याला नुसती कलाकुसर म्हणणं म्हणजे रणगाड्यावरच्या जाळीला नक्षी म्हणणं.

अर्थात ध्वनी सगळ्यांनी मान्य केला असं नाही. अकराव्या शतकात काश्मिरातच महिमभट्ट उभा राहिला. त्याचा ग्रंथ व्यक्तिविवेक. त्याचं म्हणणं, ही ध्वनी नावाची वेगळी शक्ती कशाला हवी? हे तर साधं अनुमान आहे. धूर दिसला की अग्नी आहे असं कळतं, तसं सिंह आहे म्हटलं की भित्र्याने तिथे जाऊ नये असं कळतं. हिशेब संपला. माणूस कडक होता. मला त्याच्याबद्दल आदर आहे, कारण मुख्यालयात असे अधिकारी लागतातच.

त्याला काव्यप्रकाशकार मम्मटाने दिलेलं उत्तर मात्र फार मजेचं आहे. तो म्हणतो, अनुमान तेव्हाच पक्कं, जेव्हा कारण असलं की कार्य हमखास असतं. इथे तसं कुठे आहे? भित्रा माणूससुद्धा गुरूच्या किंवा मालकाच्या आज्ञेने, किंवा प्रिय व्यक्तीच्या ओढीने, धोक्याच्या जागी जातो. हे एक. दुसरं, एखादा माणूस कुत्र्याला भितो तो विटाळ होईल म्हणून, पण तो शूर असेल तर सिंहाला भिणार नाही. आणि तिसरं, सिंह तिथे आहे हे कळलं कशावरून? कुणी पाहिलेला नाही, अनुमानाने सिद्ध झालेला नाही. फक्त तिच्या बोलण्यावरून. आणि बोलणं म्हणजे प्रमाण नव्हे.

एकाच सूत्राकडून आलेली, न पडताळलेली बातमी. अकराव्या शतकातला हा पंडित शेरा मारतोय की सूत्राची विश्वासार्हता ठरलेली नाही. आणि तरीसुद्धा अर्थ पोचतो, हाच त्याचा मुद्दा. अनुमानाला पुरावा लागतो. ध्वनीला लागत नाही. खोट्या सिंहाने खरी मनाई करता येते.

त्यातलं पहिलं कारण मी पुन्हा पुन्हा वाचतो. प्रिय व्यक्तीच्या ओढीने भित्रा माणूसही जातो. मम्मट तर्क मांडत होता, धार्मिकाबद्दल बोलत होता. पण ते वाक्य नकळत त्या बाईलाही लागू पडतं. जाळीत सिंह आहे असं गावभर झाल्यावर संध्याकाळी त्याच जाळीत जाणार कोण? तीच. कुणी पाहिलं तर लोक काय विचारतील, तुला सिंहाची भीती नाही वाटली? याला तिच्याकडे काय उत्तर होतं, हे एकाही टीकाकाराने लिहिलेलं नाही.

तो धार्मिक परत आला की नाही, हेही गाथेत नाही. ५७ मात्रा संपल्या.

काही टीकाकारांनी गाथांपाशी कवींची नावं दिली आहेत, त्यांत बायकांचीही आहेत: रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा. त्या नावांवर किती विसंबायचं याबद्दल अभ्यासकांत मतं आहेत, ती मी पुढे एका भागात घेईन. त्याआधी पुढच्या भागात ध्वन्यालोकातलं याच्या लगतचं उदाहरण. तेही याच पुस्तकातलं. तिथे एक बाई रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या वाटसरूला दिवसाउजेडी सांगून ठेवते की सासू कुठे झोपते, आपण कुठे झोपतो, आणि रातांधळ्या माणसाने अंधारात चुकून आमच्या अंथरुणावर पडू नये. इथे शब्दांत मनाई आहे. बाकीचं तुम्ही काढून ठेवा, आणि मात्रा मोजायला वही-पेन्सिल घेऊन बसा.